नसलेल्या दाढेचं दुखणं

म्हैसुरात मला नावानं ओळखणारी माणसं थोडी. बाकी साऱ्या शहराला मी 'हल्लु डॉक्टर'. हल्लु म्हणजे कानडीत दात. आमचं घराणं रंगाऱ्यांचं. वडील आणि काका लुगडी रंगवायचे, पासोड्या छापायचे. त्यांचे हात कोपरापर्यंत कधी निळे, कधी तांबडे. मी त्यातून निसटलो तो बंगळूरच्या छावणीत एका अँग्लो-इंडियन दंतवैद्याकडे उमेदवारी करायला. सहा वर्षं त्यांच्या हाताखाली काढून परत आलो, दोन खोल्या भाड्यानं घेतल्या, एक लोखंडी खुर्ची आणि पायानं चालवायचं दात कोरण्याचं यंत्र मांडलं आणि पाटी लावली. वडील पाटीकडे बघून म्हणाले, "आम्ही कापडाला रंग चढवतो, तू दातांचा उतरवणार म्हण."

माझी पहिली काही वर्षं रंग उतरवण्यात गेली नाहीत. दात उपटण्यात गेली. त्या काळी लोकांना दंतवैद्याकडून एकच गोष्ट हवी असे. दात दुखतोय, काढा. दात चांगला आहे, वाचेल, असं सांगितलं तर माणसाला वाटायचं, याला काढता येत नाही. हुणसूरचे एक तंबाखूचे व्यापारी माल घेऊन बैलगाडीनं यायचे, खुर्चीत बसायच्या आधीच बोटानं दात दाखवायचे आणि दुपारी परत जायचे. मी चौकशी करू लागलो की म्हणायचे, "विचारू नका हो, बैल खोळंबलेत."

आणि एक म्हातारी आठवते. एच. डी. कोटे नावाच्या गावाकडची. तिनं पदराची गाठ सोडून आतून एक दात काढला, धुतलेला, पांढरा स्वच्छ. गावच्या न्हाव्यानं काढला होता. "दुखणारा अजून तोंडातच आहे," ती म्हणाली. "हा चांगला निघाला. परत बसवा." मला तो बसवता आला नाही. मी दुखणारा काढला, आणि ती चांगला दात पुन्हा पदरात बांधून घरी गेली.

बाहेरच्या माणसाला हे सांगितलं पाहिजे की दाताचं दुखणं जिथं लागतं तिथंच असतं असं नाही. वरच्या जबड्याची कळ खालच्या जबड्यात उतरते. मागची दाढ सडते आणि माणूस कान धरून येतो. म्हणून दात काढायच्या आधी मूळ शोधावं लागतं. हे माझ्या गुरूंनी मला पहिल्या महिन्यातच सांगितलं होतं. मला ते कळलं मात्र माणकोजीराव घाडग्यांमुळे, आणि कळायला मला माझी स्वतःचीच चूक सापडावी लागली.

पहिलं महायुद्ध सुरू व्हायच्या आधीची ही गोष्ट. माणकोजीराव राजवाड्याच्या घोडदळात बिगुलवाला होता. त्याचे पणजोबा जुन्या मराठा पथकांबरोबर म्हैसुरात आले आणि इथलेच झाले. घरात मराठी, पागेत कानडी, कवायतीचे हुकूम इंग्रजीत. घोडदळाचा थोरला बिगुलवाला त्या वर्षी निवृत्त व्हायचा होता आणि त्याच्या जागी कोण, हे महाराजांच्या वर्धंतीच्या, म्हणजे वाढदिवसाच्या, संचलनात ठरणार होतं. सगळ्यांच्या तोंडी माणकोजीरावाचं नाव होतं. वर्धंतीला सहा आठवडे उरले असताना त्याचे रिसालदार त्याला घेऊन माझ्याकडे आले.

रिसालदार उंच, ताठ, पिकल्या मिशांचे. खुर्चीवर बसले नाहीत. छडीनं माणकोजीरावाच्या तोंडाकडे खूण करत म्हणाले, "वरचा डावा सुळा. तीन महिने झाले, दुखतोय. आज काढून टाका."

माणकोजीराव तिशीचा, धिप्पाड. डावा गाल तळहातात धरून तो उभा होता. लवंगेचं तेल झालं होतं, अक्कलकारा चावून झाला होता, अंगारा लावून झाला होता.

मी म्हटलं, "साहेब, सुळा गेला तर बिगुल कसा वाजवणार? बिगुलाचं तोंड ओठावर दाबायचं म्हटलं की मागं पुढच्या दातांची भिंत लागते. भिंतीला खिंडार पडलं की सूर पळतो."

"दुसरा कुणी वाजवील. हा गवताच्या कोठारावर जाईल. पण कण्हणारा माणूस मला लायनीत नको. घोडीसुद्धा बिथरतात."

माणकोजीराव म्हणाला, "काढा डॉक्टर. साकु झालं मला." साकु, म्हणजे पुरे. गवताच्या कोठारावर जायला लागलं तरी चालेल, पण हे थांबवा, असं त्याच्या डोळ्यांत होतं. त्याच ओठांवर त्याची सारी इभ्रत होती, आणि तो ती माझ्या चिमट्यात द्यायला तयार झाला होता. दुखणं माणसाला कुठवर आणतं ते मी त्या दिवशी पाहिलं.

मी आरसा घेतला. सुळा पांढराशुभ्र. किडीचा ठिपका नाही, भेग नाही. आरशाच्या दांड्यानं त्यावर हळूच टिचकी मारली तर तो कळवळला. पण त्याच्या मागचा दात वाजवला, तरी कळवळला. त्याच्या मागचाही तसाच. एक दात बिघडला तर तो एकटा ओरडतो. तीन शेजारी एकाच आवाजात कुरकुरत असतील तर भांडण त्यांच्यातलं नसतं, बाहेरून कुणीतरी आलेलं असतं. मग थंड पाण्यात बुडवलेला कापूस सुळ्याला लावला, आणि नंतर थोडं तापवलेलं मेण. चांगल्या दाताला जेवढं लागावं तेवढंच लागलं, आणि लगेच थांबलं.

"हा दात मी काढणार नाही," मी म्हटलं.

रिसालदारांच्या भुवया वर गेल्या. "भिता?"

"नाही साहेब. काढायला दोन मिनिटं लागतील. परत बसवायला माझ्यानं काय, कुणाच्यानं होणार नाही. मूळ सापडेपर्यंत मला वेळ द्या."

"आठ दिवस," ते म्हणाले. "नवव्या दिवशी मी याला दुसरीकडे नेईन. तिथं एवढं विचारत बसत नाहीत."

दुसऱ्या दिवशी माणकोजीराव पुन्हा आला, या वेळी बायकोबरोबर. तुळजाबाई दाराशीच उभी राहिली. मी माणकोजीरावाला विचारू लागलो. केव्हा दुखतं? "सदा." कसं दुखतं? "दुखतं, बस." शिपायाकडून दुखण्याचं वर्णन काढणं हे दात काढण्याहून अवघड काम आहे. चौथ्या प्रश्नाला दारातून आवाज आला.

"त्यांना काय विचारता डॉक्टरअण्णा? तीन महिने ऐकतेय ती मी."

"मग तुम्हीच सांगा, वहिनी."

ती आत आली आणि घडाघडा बोलली. खोगिराचा पट्टा आवळायला वाकले की डोळ्यांत पाणी येतं. सरळ उभे राहिले की कमी होतं. बिगुल जोरात फुंकला की ठणका गालात भरतो, डोळ्याखाली. आणि सकाळी उठले की पहिल्यांदा थुंकतात, तोंडात घाण चव आहे म्हणतात. "उशीचा अभ्रा मी रोज धुते. डाव्या बाजूला वास येतो. मी म्हटलं, ताप मुरला असेल. हौदु ना? खरं की नाही?"

मी आरसा खाली ठेवला. तिनं मला अर्धं उत्तर देऊन टाकलं होतं आणि तिला ते ठाऊक नव्हतं. दात वाकल्यानं दुखत नाही. वाकल्यानं दुखतं ते जिथं काहीतरी साचलेलं असतं ते.

गालाच्या हाडात, डोळ्याच्या खाली आणि वरच्या दाढांच्या मुळांच्या अगदी डोक्यावर, एक पोकळी असते. चांगल्या माणसाच्या त्या पोकळीत नुसती हवा असते. त्यात पू साचला तर खालचे सगळे दात दुखतात, आणि बिचाऱ्या सुळ्यावर आळ येतो. पण आत हवा आहे की पू, हे हाड न उघडता कसं बघायचं? माझ्या गुरूंनी निरोप देताना मला एक वस्तू दिली होती: लांब दांड्याच्या टोकावर वाटाण्याएवढा विजेचा दिवा, आणि त्याला जोडलेली बॅटरी. मी ती आजवर दोनदा वापरली होती.

त्यासाठी काळोख लागतो, आणि म्हैसूरच्या भर सकाळी काळोख कुठून आणायचा? मी वडिलांकडे धावलो. त्यांनी नुकत्याच काळ्या रंगात काढलेल्या दोन धाबळ्या दिल्या, अजून दमट होत्या. त्या मी खिडक्यांवर ठोकल्या. खोलीभर रंगाचा आंबूस वास भरला. माणकोजीरावाला म्हटलं, हा दिवा जिभेवर घ्या आणि ओठ मिटा.

दिवा लागला आणि त्याचं तोंड आतून पेटलं. ओठ लाल झाले. उजवा गाल डोळ्याखालपर्यंत डाळिंबासारखा तांबूस उजळला, अगदी डोळ्याच्या खोबणीखाली चंद्रकोरीसारखी उजेडाची रेघ दिसली. आणि डावा गाल काळाठिक्कर.

"अय्यो देवरे!" तुळजाबाई ओरडली. "अर्धं तोंड पेटलंय, अर्धं विझलंय!"

याहून नेमकं निदान मी पुढे कधी ऐकलं नाही. हवेतून उजेड जातो, पुवातून जात नाही. डावी पोकळी भरलेली होती. सुळा निरपराध होता. मला इतका आनंद झाला की मी त्या काळोखातच माणकोजीरावाचा खांदा दाबला.

पण तो आनंद पाच मिनिटं टिकला. पोकळीत पू आला, पण आला कुठून? सर्दीनं येतो, पण त्याला सर्दी नव्हती. मी धाबळ्या काढल्या, खिडकी उघडली आणि त्या बाजूच्या दाढा एकेक करून पाहिल्या. सगळ्या चांगल्या. मात्र पहिली मोठी दाढ नव्हतीच. तिथं वर्षानुवर्षांची भरून आलेली हिरडी होती, गुळगुळीत. डोळ्याला सहज दिसणार नाही एवढं एक छिद्र त्या हिरडीत होतं. मी बारीक सळई त्यात घातली. ती अलगद आत गेली, आणि हाडाहून टणक, गुळगुळीत अशा कशावर तरी टेकली. टक्. सळई बाहेर काढली तेव्हा तिला तोच वास होता, तुळजाबाईच्या उशीचा.

आत दाढेचं मूळ होतं. कुणीतरी दाढ काढताना ते मोडलं होतं आणि तसंच सोडून वरून हिरडी भरू दिली होती.

"इथली दाढ कुणी काढली?" मी जरा गुर्मीतच विचारलं. मला वाटलं, न्हावी नाहीतर घोड्याचा वैद्य.

माणकोजीरावानं माझ्याकडे बघितलं. "तुम्हीच की."

"मी?"

"आठ वर्षं झाली. मी नवा भरती झालो होतो, मिशी नव्हती, म्हणून ओळखत नाही तुम्ही. पागेजवळ झाडाखाली खुर्ची मांडली होती तुम्ही. अर्ध्या रिसाल्याचे दात एका दिवसात पाहिलेत. माझी दाढ काढलीत, पाठीवर थाप मारलीत आणि म्हणालात, झालं."

मला तो चेहरा आठवला नाही, पण दिवस आठवला. बंगळूरहून परत येऊन मला काही महिनेच झाले होते. घोडदळाचं काम मिळालं म्हणून मी हवेत होतो. झाडाखाली रांग लागली होती, उन्हं चढत होती, आणि प्रत्येक शिपायाला मी किती झटपट मोकळा करतो हे बघायला माणसं जमली होती. त्या दिवशी एखादं मूळ कट्‌ करून मोडलं असेल. मोडलं की हाताला कळतं. छोटं टोक शरीर आपोआप बाहेर ढकलतं, असं आम्ही म्हणायचो, आणि ते बहुतेकदा खरंही असे. पण ढकलेल की नाही हे बघायला मी परत कधी गेलो नव्हतो, आणि मूळ मोडलंय हे कुणाला सांगितलंही नव्हतं.

मी हात धुवायला गेलो आणि हवे त्याहून जास्त वेळ धूत राहिलो. मला गप्प बसता आलं असतं. माणकोजीरावाला दाढ मी काढली एवढंच माहीत होतं. मूळ राहिलं हे त्याला ठाऊक नव्हतं. "हाडात गाठ झालीय, काढतो," म्हटलं असतं तर त्यानं मान डोलावली असती, वर माझे पायही धरले असते. आणि सांगितलं तर? म्हैसूर तेव्हा लहान होतं. संध्याकाळपर्यंत ते पागेत, दुसऱ्या दिवशी बाजारात. रंगाऱ्याच्या पोराला दात काढता येत नाहीत, असं म्हणायला टपलेले लोक कमी नव्हते.

मी हात पुसून परत आलो. त्याच्यासमोर स्टूल ओढून बसलो. "माणकोजीराव, त्या दिवशी माझ्या हातून तुमच्या दाढेचं मूळ मोडलं आणि आत राहिलं. ते मी काढलं नाही आणि तुम्हाला सांगितलंही नाही. तुमचे हे तीन महिने माझ्यामुळे गेले."

माणकोजीरावानं जिभेनं डावा सुळा चाचपला.

"म्हणजे सुळा चांगला आहे?" त्यानं विचारलं.

"अगदी चांगला आहे."

"राहणार?"

"राहणार."

"मग बाकीचं नंतर बोलू," तो म्हणाला आणि मागं टेकला.

तुळजाबाईचं मात्र तेवढ्यावर भागलं नाही. "आठ वर्षं ते आत होतं आणि तुम्ही आता सांगताय?"

"ते बाहेर पडलं नाही हे मला आज कळलं, वहिनी. आजच सांगतोय."

तिनं मला नीट न्याहाळलं. "मग हेच रिसालदारसाहेबांनाही सांगा. तुमच्या तोंडानं. आम्ही सांगितलं तर म्हणतील, नवरा दात काढायला भ्याला."

तिचं खरं होतं. मी त्याच दुपारी पागेत गेलो. रिसालदार घोड्यांचे खूर तपासत होते. मी सगळं सांगितलं, आणि उभा राहिलो. त्यांनी घोड्याचा पाय खाली ठेवला, हात झटकले. "मूळ काढल्यावर बिगुल वाजेल?"

"वाजेल."

"वर्धंतीला वाजला तर पुढचं बोलू. नाही वाजला तर तुमची पाटी मी स्वतः येऊन उतरवीन."

मूळ काढलं ते चौथ्या दिवशी. तेव्हा हिरडी बधिर करायचं नवं औषध नुकतंच आमच्या हाती आलं होतं. ते टोचलं, हिरडीची झडप उघडली, हाड खरवडलं. तुरीच्या दाण्याएवढं मूळ, शेपटीसारखं वाकलेलं, पण निघायला तास लागला, कारण या वेळी मी घाई करणार नव्हतो. मूळ निघालं आणि त्याच्या मागून पू आला, तीन महिन्यांचा. मी कोमट मिठाच्या पाण्यानं धूत राहिलो. पाणी स्वच्छ येऊ लागलं तेव्हा वर पाहिलं, तर माणकोजीरावाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"दुखतंय?"

त्यानं मान हलवली. "इल्ल. नाही दुखत." मग जणू खात्री करून घ्यायला पुन्हा म्हणाला, "नाही दुखत डॉक्टर." आणि खुर्चीतच त्याचा डोळा लागला. दोन तास तो घोरत होता. बाहेर बाकावर बसलेल्या माणसांना मी परत पाठवलं. तुळजाबाई त्याच्या पायाशी जमिनीवर बसून होती. ती हलक्या आवाजात म्हणाली, "झोपू द्या. तीन महिन्यांत पहिल्यांदा."

विजय झाला असं वाटून मी बंगळूरला गुरूंना लांबलचक पत्र लिहिलं. ते पेटीत टाकून दोन दिवसही झाले नाहीत तोच माणकोजीराव धावत आला. सकाळी चूळ भरली तर पाणी नाकातून बाहेर आलं होतं.

हे होणार हे मला माहीत होतं. मूळ काढताना पोकळीचा तळ उघडतो, तोंड आणि गालातली पोकळी यांच्यामध्ये भोक पडतं, आणि पोकळीतून नाकाला वाट असते. ते भोक दोन-तीन महिन्यांत आपोआप मिटतं. मला सुचलं नव्हतं ते एवढंच, की बिगुल फुंकणाऱ्या माणसाला दोन-तीन महिने नाहीत. जखम जरा सुकल्यावर त्यानं माझ्यासमोर बिगुल ओठांना लावला, गाल फुगवले, आणि फुस्स. हवा सगळी नाकातून गेली. सुरांचा पत्ता नाही. वर्धंतीला साडेतीन आठवडे उरले होते.

"सुळा वाचवलात," माणकोजीराव बिगुलाकडे बघत म्हणाला, "पण आता त्याचं काय करू?"

तो रागावला असता तर बरं झालं असतं. मी त्याला म्हटलं, "भोक बुजेपर्यंत त्याला झाकण करू."

या कामात मात्र मी वाकबगार होतो. कवळ्या बनवायला आम्ही एक पक्कं रबर वापरायचो. गंधक घातलेलं रबर बंद भांड्यात वाफेवर शिजवलं की ते लाकडासारखं घट्ट होतं आणि हिरडीला तंतोतंत बसतं. मी त्याच्या टाळूचा प्लॅस्टरचा ठसा घेतला, त्यावर मेणाची पट्टी घडवली, मेणाच्या जागी ते रबर भरून शिजवलं. पहिली पट्टी बसली, त्यानं फुंकलं, खालचे सूर आले. वरचा सूर धरला तशी पट्टी सुटली आणि जिभेवर आली. तो जवळजवळ गुदमरलाच. दुसऱ्या पट्टीला मी दोन्ही बाजूंच्या दातांना धरतील असे सोन्याच्या तारेचे आकडे लावले. ती सुटली नाही, पण कडेनं शीळ घालायची. मग तिची कड मी केसाकेसानं घासली, बसवली, काढली, पुन्हा घासली. चार दिवस मी दुसरं काही केलं नाही. तिसऱ्यांदा त्यानं फुंकलं तेव्हा शीळ ऐकू आली नाही. पण खोलीत जोरात फुंकायची सोय नव्हती, आणि पागेत सगळ्यांसमोर फजिती नको होती.

म्हणून आम्ही सकाळी बोगादीच्या वाटेवरच्या माळावर गेलो. तेव्हा तिथं वस्ती नव्हती, नुसती झुडपं आणि मेंढरांच्या वाटा. माणकोजीराव आपल्या घोडीवरून आला होता. घोडी त्यानं एका झाडाला बांधली. तुळजाबाईही आली होती. त्यानं पट्टी बसवली, जिभेनं दाबून पाहिली, ओठ ओले केले आणि बिगुल उचलला.

पहिला सूर आला तो सरळ आला. मग दुसरा, वर चढलेला. मग त्यानं दौडीचा हुकूम वाजवला, सगळ्यात उंच सुरावर जाऊन तिथं थांबला, आणि थांबूनच राहिला. तेवढ्यात मागं खडखड झाली. वळून पाहतो तर झाडाला बांधलेली घोडी कान टवकारून जागच्या जागी पाय आपटत होती. हुकूम तिला कळला होता. दोरी सोडली असती तर ती दौडली असती.

तुळजाबाई पहिल्यांदा हसली. "तिला पटलं," ती म्हणाली. "आता मलाही पटलं."

वर्धंतीच्या दिवशी मी दोरखंडाच्या मागं गर्दीत उभा होतो. इतके घोडे, इतके फेटे, इतक्या तलवारी, आणि मी बघत होतो तो एकच माणूस आणि त्याचा डावा गाल. संचलनाचा पहिला हुकूम त्यानं दिला आणि सबंध घोडदळ एका पावलानं निघालं. शेवटचा उंच सूर मैदानावरून गेला तेव्हा माझ्या शेजारचा एक म्हातारा शिपाई पुटपुटला, "शहाबाश! लोखंडाची छाती आहे पोराची." मला नाचावंसं वाटत होतं. त्याच आठवड्यात माणकोजीराव थोरला बिगुलवाला झाला. पट्टी त्यानं आणखी दोन महिने वापरली, मग भोक मिटलं. सुळा त्याच्या तोंडात अखेरपर्यंत होता.

पण माझं काम संपलं नव्हतं. झाडाखालच्या त्या दिवशी मी एकट्या माणकोजीरावाची दाढ काढली नव्हती. आणखी किती मुळं माझ्या हातून राहिली असतील? मी पुन्हा रिसालदारांकडे गेलो आणि म्हटलं, "त्या दिवशी ज्यांचे दात मी काढले ते तुमच्याकडे अजून जेवढे असतील, त्यांना माझ्याकडे पाठवा. मला त्यांची तोंडं पुन्हा पाहायची आहेत. का, तेही त्यांना सांगा."

त्यांनी छडी काखेत मारली. "सांगितलं तर येतील असं वाटतं तुम्हाला?"

"माहीत नाही, साहेब."

नाहीच आले तर मी काय करणार होतो, हे मला आजही ठाऊक नाही. पुढच्या सोमवारी सकाळी मी दार उघडलं तर पायरीपासून कोपऱ्यावरच्या नळापर्यंत शिपायांची रांग. पुढे माणकोजीराव, नव्या पदाचा पट्टा लावून. बाजारातली माणसं थांबून बघत होती. मला वाटलं, भांडायला आलेत. माणकोजीराव म्हणाला, "साहेबांनी सगळ्यांना सांगितलं. मी म्हटलं, हा डॉक्टर आपली चूक आपणच सांगतो, असा दुसरा कुठं मिळेल? चला."

पहिला जवान खुर्चीत बसला. त्यानं फेटा मांडीवर ठेवला, मान मागं टाकली आणि म्हणाला, "डॉक्टर, माझ्या तोंडात तुमचं काही राहिलंय का, बघा बरं."

रांगेत हशा पिकला. मीही हसलो, आणि आरसा उचलला. अकरा जणांपैकी दोघांच्या तोंडात निघालं. दोन्ही मुळं मी काढली, घाई न करता, आणि दोन्ही त्यांच्या तळहातावर ठेवून मोठ्यांदा सांगितलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं: हे माझं होतं.